भरमाण्णाचं मावंदं

मागच्या महिन्यात निपाणीतल्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते आले. गावातल्या एका आजारी माणसाच्या उपचाराला पैसे जमवायचे म्हणून ते हिमालयातलं कुठलंसं शिखर चढणार होते. आणि शिखर चढण्याआधी, आपल्या भागातल्या रीतीप्रमाणे, त्यांना चौकात बोर्ड चढवायचा होता. वर कानडी, खाली मराठी, मधे हात जोडलेले सगळे. मी मजकूर उतरवून घेतला, फोटो घेतले आणि सहज विचारलं की परत आल्यावर जेवण घालणार काय.

"व्हय की," त्यांच्यातला पुढारी म्हणाला. "मावंदं नगं व्हय?"

मी पेन खाली ठेवलं. सगळ्यांना चहा सांगितला आणि बेळगावातल्या वडगावच्या भरमाण्णाची गोष्ट पहिल्यापासून ऐकवली. चहा संपला, गोष्ट संपली, आणि जाताना ती मंडळी जिन्यावर आपापसांत म्हणाली की हा पेंटर थापा लई मारतोय. म्हणून आता लिहूनच ठेवतो. तोंडच्या खऱ्यापेक्षा छापलेल्या थापेवर लोकांचा विश्वास जास्त, हे बोर्डांच्या धंद्यात मी फार लवकर शिकलो.

भरमाण्णा येळ्ळूरकर हा इसम मला कधीही आवडला नाही. आज आवडतो असंही नाही. त्याच्या आठवणीनं माझा गळाबिळा दाटून येत नाही, आला तर ढेकर येतो, आणि तो का येतो ते पुढं कळेलच.

वैर जुनं. वडगावातल्या आमच्या विणकर गल्लीत थापा मारायचा मक्ता पूर्वापार माझ्याकडे होता. संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर मी बसलो की माणसं आपापली भांडणं अर्ध्यावर टाकून ऐकायला यायची. भरमाण्णानं हा मक्ता मोडला. तोही कट्ट्यावर बसून नव्हे, खांबावर चढून.

तो विजेच्या खात्यात लाइनमन होता. आमच्या गल्लीत घरटी यंत्रमाग. दिवसभर असा खडखडाट की नवरा-बायकोला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, आणि म्हणूनच संसार सुखाचे होते. वीज गेली की शांतता पसरायची, बोलणं ऐकू यायचं आणि घराघरांतून भांडी वाजायला लागायची. मग भरमाण्णाला बोलावणं जायचं. तो यायचा, खांबावर चढायचा, आणि फ्यूज घालायचं सोडून कपाळावर हात धरून दक्षिणेकडे बघत राहायचा.

"राजहंसगडावर ढग उतरलाय," तो वरून सांगायचा.

"ढग उतरू दे, तू लाइट घाल," खालून बायका ओरडायच्या.

"वर आल्याबिगार खालचं कळत न्हाय, आक्का."

हे त्याचं वाक्य. दिवसातून पन्नासदा म्हणायचा. मग तो कमरेची दोरी खाली सोडायचा. दोरीला चहाची किटली बांधून द्यावी लागे. किटली रिकामी झाली की पानाची चंची वर जाई. एकदा तर त्यानं दाढीचं सामान आणि आरसा मागवला. खाली सगळे माग बंद, कामगार बसून, आणि हा वर गालाला साबण लावतोय. दाढी उरकून तो खाली उतरला तेव्हा वीज नसताना तेवढं एकच काहीतरी त्या दिवशी आमच्या गल्लीत चमकत होतं. त्याचं तोंड.

सबंध आयुष्य उंचावरून बोलल्यामुळे त्याची मान कायमची पुढे वाकली होती. जमिनीवर समोरासमोर उभं राहून त्याला बोलताच येत नसे. बोलायचं तर आधी पायरी शोधायचा. पायरी नसली तर दगड. दगडही नसला तर गप्प राहायचा. म्हणून आम्ही गल्लीतले सुटे दगड उचलून गटारात टाकले होते. लग्नात अक्षता टाकायला हा खुर्चीवर उभा. मयताला गेला तरी तिरडीपेक्षा उंच जागा बघणार.

निवृत्त झाला आणि हाताखालचे खांब गेले. महिनाभर तो गल्लीतून असा हिंडला की जणू त्याची शिडी कुणी काढून घेतली. मग एक दिवस बर्फात घालायचे बूट घेऊन आला. तवा बांधावा तसे ते तळवे, वर लाल नाड्या. लुंगीवर ते बूट घालून तो दूध आणायला जायचा. पहाटे गल्लीच्या मध्यभागी उभा राहून दीर्घ श्वसन करायचा. तो श्वास आत ओढायला लागला की दोरीवर वाळत घातलेलं रंगीत सूत त्याच्या नाकाकडे वाकत असे. सोडला की समोरच्या घरातली चूल पेटत असे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ज्यांना खोटं वाटतं त्यांनी वडगावात जाऊन विचारावं.

आता निंगाक्का.

आमच्या गल्लीत हातमाग एकच उरला होता, तो निंगाक्काचा. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जीभ मात्र भरल्या घराची. तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमिनीत खड्डा. खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, हातानं धोटा इकडून तिकडे फेकायचा आणि पायाखालच्या दोन पावड्या आलटून पालटून दाबायच्या. उजवी दाबली की अर्धे धागे वर, डावी दाबली की उरलेले. दोन पाय नसतील तर हा माग म्हणजे नुसतं लाकूड.

साखरेच्या आजारानं तिच्या उजव्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. माग अर्ध्यावर थांबला. त्याच्यावर खानापूरकडच्या एका शेतकरी घराण्यानं सांगितलेली लग्नाची साडी होती. निम्मी झालेली. मुलीच्या आईनं निरोप पाठवला होता की आम्ही थांबतो, पण साडी निंगाक्काच्याच हातची पाहिजे. कुठल्याशा शिबिरात तिला फुकटचा पाय मिळाला, पण तो काठीसारखा ताठ. पावडीवर ठेवला की घसरायचा. घोट्यात वाकणारा पाय कोल्हापुरात मिळत होता आणि त्याची किंमत निंगाक्काला झेपणारी नव्हती. रोज संध्याकाळी ती कुबडीवर मागापर्यंत जायची, साडीवरची धूळ झटकायची आणि वर चादर टाकायची. आजारी माणसावर टाकावी तशी.

भरमाण्णा तिला बघायला गेला. उंबरठ्यावर चढून, म्हणजे त्याच्या सवयीनं उंचावर उभं राहून, त्यानं जाहीर केलं की निंगाक्काच्या पायासाठी आपण हिमालयात शिखर चढणार आणि लोकांनी त्याबद्दल निधी द्यायचा.

निंगाक्कानं कुबडी भिंतीला टेकवली.

"मला डोंगरावर न्हाय जायाचं रं," ती म्हणाली. "मला खड्ड्यात बसायचं हाय."

त्यानं समजावलं की परदेशात असंच करतात. कुणी धावतो, कुणी पोहतो, कुणी चढतो; लोक पैसे देतात. ती म्हणाली की मग तू न चढता मागितलंस तर लोक काय दगड मारतात? यावर उत्तर म्हणून भरमाण्णा माझ्या तेव्हाच्या, वडगावातल्या दुकानात बोर्ड सांगायला आला.

बोर्ड मी केला. धंदा आहे. वर कानडी, खाली मराठी, मधे भरमाण्णा आणि त्याच्या मागे बर्फाचा डोंगर. डोंगरापेक्षा भरमाण्णा मोठा पाहिजे असं त्याचं म्हणणं होतं, तसा केला. कोपऱ्यात निंगाक्काचा फोटो, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

गल्लीला काही ते पटेना. हा वर गेल्यावर हिला खाली पाय कसा फुटेल, असा साधा प्रश्न होता. तो सोडवला नागाप्पा आजोबांनी. गल्लीतले सर्वांत वडीलधारे. कुणाच्या घरी कुठला विधी कसा करायचा हे त्यांच्या शब्दाशिवाय ठरत नसे. ते कट्ट्यावर म्हणाले की अरे, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? निंगाक्कानं पायाचा नवस बोलला. तिला पाय नाही, म्हणून तिच्या वतीनं भरमाण्णा चालत जाऊन फेडून येणार. ही यात्रा आहे.

निंगाक्कानं कसलाही नवस बोललेला नव्हता. पण यात्रा म्हटल्यावर गल्लीच्या डोक्यात एकदम वीज आली. काशीला निघालेल्या माणसाकडे द्यावेत तसे लोक पैसे आणून देऊ लागले. बायकांनी भरमाण्णाच्या बायकोची, सुशीलावहिनीची, ओटी भरली. वडगावातून शहापुरात, शहापुरातून खासबागेत बातमी गेली. गिरणीवाल्यानं दिले, सूतवाल्यानं दिले, जन्मात कुणाला सुट्टी बिडी न देणाऱ्या माणसानं दिले. निधी सुशीलावहिनीच्या लोखंडी पेटीत साठत गेला. प्रवासाचा खर्च मात्र भरमाण्णानं आपल्या निवृत्तीच्या पैशातून केला. हे वाक्य लिहिताना माझा हात दुखतोय, पण खरं आहे.

मग सराव सुरू झाला. पाठीवर वाळूचं पोतं घेऊन तो रोज राजहंसगड चढायचा, आणि चढताना बघायला गल्लीतली माणसं न्यायचा. अर्ध्या वाटेवर दम लागला की पोतं बघ्यांपैकी कुणाच्या तरी पाठीवर जायचं. अशा रीतीनं त्या हंगामात आमच्या गल्लीतली निम्मी माणसं हिमालयाला तयार झाली. थंडीची सवय व्हावी म्हणून तो कणकुंबीच्या रानात चार रात्री राहून आला. अंगभर जळवांच्या खुणा घेऊन परतला आणि सांगू लागला की एक गवा रोज सकाळी तंबूपाशी यायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा. मी म्हटलं, मान खाली घालून गवा गवत खातो. त्यानं मला उत्तर दिलं नाही. जवळपास पायरी नव्हती.

तो गेला. महिनाभर गल्लीत मी पुन्हा थापांचा एकटा धनी झालो. फार चांगले दिवस होते. आणि मग फोन आला की भरमाण्णा चढला.

चढला हे खरंच. फोटो आला होता. तोंड टोपी, गॉगल आणि मफलरात गेलेलं. तो कोण हे त्याच्या आईनं ओळखलं नसतं. पण खाली बर्फात रुतलेले बूट भरमाण्णाचेच, लाल नाड्यांचे. शहानिशा करायला निंगाक्कानं फोटो हातात घेतला, दोन्ही बुटांवरून बोट फिरवलं आणि परत दिला.

त्याला आणायला आमची दोन वाहनं निपाणीपर्यंत गेली. कोल्हापूरकडून येणाऱ्या गाडीतून तो उतरला तो बगलेत थर्मास घेऊनच. त्यात शिखरावरचा बर्फ. निपाणीला झाकण उघडून बघितलं तर पाणी. नागाप्पा आजोबा म्हणाले, उत्तम, तीर्थ झालं. हार घातले, आणि भरमाण्णा जीपच्या टपावर चढून बोलला. निपाणीत त्यानं शिखराची जी उंची सांगितली ती बेताची होती. संकेश्वरला हार जाडजूड पडले, तिथं शिखर बरंच वर गेलं. काकतीला बाजा होता. काकती सोडून आम्ही बेळगावात शिरलो तेव्हा जगात भरमाण्णाच्या शिखराहून उंच काही उरलं नव्हतं, आणि माझ्यासारखा व्यावसायिक माणूस जीपमध्ये मागे बसून घाम पुसत होता. थापेला काही मर्यादा असते. मी स्वतः ती नेहमी पाळत आलोय.

गल्लीत ओवाळणी झाली, तीर्थ वाटलं. निंगाक्कानं तळहातावर घेतलं, प्यायली आणि विचारलं, "कोल्हापूरला माप द्यायला कवा जायाचं?"

भरमाण्णा बोलण्याआधी नागाप्पा आजोबा बोलले. मावंदं झाल्याशिवाय यात्रा पदरात पडत नाही. काशी असो, तिरुपती असो, सौंदत्तीची यल्लम्मा असो; परत आलेल्यानं भाऊबंदांना, शेजाऱ्यांना जेवण घालायचं, मग पुण्य घरात येतं. आणि ही यात्रा एकट्या भरमाण्णाची नाही. ज्यानं ज्यानं पैसा दिला त्या प्रत्येकाची आहे, त्या प्रत्येकाला पान वाढलं पाहिजे. नाहीतर निंगाक्काचा नवस अर्धा राहील आणि बसवलेला पाय टिकणार नाही.

सुशीलावहिनी नको म्हणाल्या. पेटीला हात लावू नका, असं त्या दारात उभं राहून अगदी सगळ्यांदेखत म्हणाल्या. पण भरमाण्णाच्या डोक्यात एक हिशोब शिरला होता. तो त्यानं मला दुकानात येऊन, टेबलावर एक पाय ठेवून सांगितला. जेवायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. आहेर आणतो. एकाचे दोन होतील. एका पायाच्या जागी निंगाक्काचे दोन पाय होतील.

"तिचा एक हाय अजून," मी म्हटलं.

"पेंटर, तू लई खाली बघतोस. वर आल्याबिगार खालचं कळत न्हाय," तो म्हणाला आणि मावंद्याचा बोर्ड सांगून गेला.

असं मावंदं वडगावात पूर्वी झालं नाही, पुढे होणार नाही. गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव. हुग्गीची काहील एवढी मोठी की आचारी तिच्यात परात नावेसारखी सोडून पलीकडच्या काठाला वेलदोडे टाकायला जायचा. गव्हाची ती हुग्गी, गुळातली, वर तूप. बुंदी, पुऱ्या, मसालेभात, कटाची आमटी. पैसे दिलेले आले, न दिलेले आले, दिले होते असं ऐकलेलेही आले. पंगतीवर पंगत उठत होती. मी हुग्गी तीनदा मागून घेतली. वर सांगितलेला ढेकर तो हाच.

भरमाण्णा मांडवाच्या टोकाला, अर्थात स्टेजवर, आहेर घ्यायला बसला होता. आणि आहेर येत होते. काही कमी नाही. पण मावंद्याला आपल्याकडे आहेर कसला असतो हे ज्याला जन्मापासून माहीत असायला पाहिजे तोच नेमका विसरला होता. हिमालयातली हवा विरळ असते म्हणतात. पहिला आला त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर घातली, नारळ हातात दिला, पाया पडला, जेवायला गेला. दुसऱ्यानं टॉवेल, टोपी, नारळ. बायका सुशीलावहिनीला झंपरपीस देत होत्या. तिसरा, चौथा, शंभरावा. पाकीट कुणाच्याच हातात नाही. एका टोपीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, असा भरमाण्णाच्या डोक्यावर टोप्यांचा मनोरा उभा राहिला, आणि त्याच्या भोवती टॉवेलांचा असा ढीग झाला की दुपारनंतर तो दिसेनासाच झाला. ढिगाच्या मागून फक्त त्याचं श्वसन ऐकू येत होतं. तेवढा एक डोंगर काही त्याला चढता आला नाही.

शेवटच्या पंगतीत निंगाक्का जेवली. हात धुतला, कुबडी घेतली आणि स्टेजपाशी आली. गल्ली विडे चघळत होती.

"भरमाण्णा, आता झालं की मावंदं. कोल्हापूरला उद्या जाऊ या काय?"

ढीग हलला. भरमाण्णा बाहेर आला, आणि मी त्याला पहिल्यांदाच पायरीवरून खाली उतरून कुणाशी बोलताना पाहिलं. त्यानं विचारलं, "आक्का, जेवलीस न्हवं पोटभर?"

"जेवले की. हुग्गी गोड हुती."

तो डोक्यावरच्या टोप्या एकेक करून काढू लागला. निंगाक्कानं सुशीलावहिनीकडे पाहिलं. वहिनींनी तोंड फिरवलं. मग तिनं त्या काहिलीकडे पाहिलं. आचारी आत उतरून बाजू खरवडत होता.

"म्हंजे माझा पाय," ती म्हणाली, "मीबी खाल्ला?"

विडे चघळायचे थांबले. एवढी शांतता आमच्या गल्लीत वीज गेल्यावरही पडलेली मी ऐकली नव्हती. ज्यांनी ज्यांनी चारदा बुंदी मागून घेतली होती ते आपापल्या पोटाकडे बघू लागले. पाय तिथं होता. सगळ्यांच्यात थोडा थोडा.

भरमाण्णानं काय केलं असेल? त्यानं एक झंपरपीस उचलून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला की हे सगळं विकून टाकू. जन्मभर हातमागावर बसलेल्या बाईला यंत्रावरचं झंपरपीस. निंगाक्कानं ते दोन बोटांत धरलं, चुरगाळलं, काठ ओढून बघितला आणि परत ढिगावर टाकलं.

तेवढ्यात नागाप्पा आजोबांना मार्ग सुचला. ते म्हणाले की परत निधी काढू. भरमाण्णाचा चेहरा क्षणात उजळला. तो लगेच पायरी चढला. ह्याहून उंच शिखर आहे, ते म्हणे उत्तरेला आहे, आणि...

"परत गेलास तर परत मावंदं," निंगाक्का म्हणाली. "उतर खाली."

तो उतरला.

"पैसं नगंत मला. पैसं तुमच्यात जिरत्यात. माझ्या नावानं तुझं पाय डोंगरावर गेलं न्हवं? मग त्यातला एक दे. उजवा. साडी पुरी हुईस्तवर माझ्या मागावर येऊन बसायचं आणि मी म्हणंन तवा पावडी दाबायची."

लोक हसले. भरमाण्णाही हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे गुडघे दुखू लागले. तिसऱ्या दिवशी तो कडोलीला बहिणीकडे गेला. तिथं साहित्य संमेलन भरलं होतं. उंच व्यासपीठ, समोर ध्वनिक्षेपक, भरमाण्णाला राहवेना. भाषण संपून कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर हा उठला आणि प्रश्न म्हणून आपलं शिखर सांगायला लागला. मागल्या खुर्च्यांमधून एका बाईनं शांतपणे विचारलं, "पण त्या निंगाक्काच्या पायाचं काय झालं म्हणे?" बातमी त्याच्या आधी कडोलीत पोचली होती. मांडवात असा हशा उठला की ध्वनिक्षेपक शिट्टी मारायला लागला. रात्रीच्या शेवटच्या बसनं तो परत आला, उभ्यानं. जागा होती, पण बसला नाही असं बसमधले सांगतात.

त्यानंतर महिन्याभरात मी दुकान उचलून निपाणीला आणलं. निघायच्या दिवशी मी निंगाक्काचा निरोप घ्यायला गेलो. दाराबाहेर बूट काढून ठेवलेले होते. लाल नाड्यांचे, एकाशेजारी एक, तळव्यांना चिखल नाही.

आत खड्ड्याच्या काठाला दोघं बसलेली. डावीकडे ती, उजवीकडे तो. तिचा डावा पाय एका पावडीवर, त्याचा उजवा दुसरीवर. भिंतीच्या दिवळीत एक टॉवेल घडी करून ठेवलेला, घाम पुसायला, आहेराचाच असणार. साडी बरीच पुढे गेली होती. हिरव्या अंगावर लाल काठ, आणि काठातली नक्षी मधे एके ठिकाणी किंचित वाकडी.

"हाण," ती म्हणायची, तो दाबायचा. "सोड," तो सोडायचा. मधे तिची पावडी. परत "हाण." धोटा इकडून तिकडे जायचा. भरमाण्णाची मान खाली, नजर पायाच्या अंगठ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस सगळ्या गल्लीच्या खाली, जमिनीच्या आत बसला होता. मी दारात उभा, म्हणजे त्याच्यापेक्षा चांगला तीन हात उंच, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

"नक्षी हितं वाकडी झालीया," मी बोटानं दाखवलं.

"ते ह्याचं," निंगाक्का म्हणाली. "पयल्या दिवशी गोष्टी सांगत हुता. आता न्हाय सांगत. खानापूरच्यांस्नी दावलं. पोरीची आई म्हणाली, ऱ्हाऊ दे तसंच."

भरमाण्णानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी त्याला शरम वाटेल. निदान म्हणेल की पेंटर, ह्याचा कुठं बोभाटा करू नकोस. पण भरमाण्णा तो भरमाण्णाच.

"निपाणीला जाऊन ह्याचा बोर्ड करणार आसशील," तो खालून म्हणाला, "तर फोटो तोंडाचा नगं. हितनं घे. नुसत्या पायाचा."

मी खिशातून मोबाइल काढला. निंगाक्कानं धोट्याच्या टोकानं त्याच्या गुडघ्यावर टोचलं.

"त्यो पाय माझा हाय," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "फोटो काढायचा आसंल तर मला इचार. हाण रं."

त्यानं दाबली.